इंजिन ऑईल खातंही आहे आणि गळतंही आहे: फुल इंजिन काढावं का?

चिखलमाती

गाडी जुनी, छोटी फोर बाय फोर. १.३ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, इंजेक्शनवालं, टायमिंग बेल्टचं, डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला. डांबरावर कमी, मातीत आणि दगडांत जास्त चालते.

गेल्या काही महिन्यांत ऑईल खायला लागली आहे. १००० किमीला साधारण ८०० मिली वरून घालावं लागतं. यातलं जळतं किती आणि सांडतं किती, हे कळत नाही, कारण दोन्ही चालू आहे. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेला ओल, इंजिनची मागची बाजू काळीकुट्ट, आणि बेलहाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घराच्या) खालच्या भोकातून थेंब.

धुराचं असं: सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा, मग साफ. लांब उतार गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला की मागे निळा ढग. चढावर ओढताना मात्र काही दिसत नाही. आणखी एक विचित्र गोष्ट, डिपस्टिक अधूनमधून आपोआप वर आलेली सापडते. नीट दाबून बसवली तरी.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं, धूर बघितला आणि सांगितलं, "रिंगा गेल्या, मागचं क्रँक सीलही गेलंय, फुल इंजिन करून टाका." म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, क्रँकच्या मागच्या टोकाचं सील गेलं, आता इंजिन उतरवून पूर्ण उघडायचं. पिकअप मला तरी कमी झालेला वाटत नाही. इंजिन खाली उतरवण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

लेथवाला

कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) घेतलं का? घेतलं नसेल तर "रिंगा गेल्या" हा नुसता अंदाज आहे.

धुराचा रंग सगळे बघतात, वेळ कोणी बघत नाही. तुम्ही वेळ नीट लिहिली आहे म्हणून सांगतो. उभ्या गाडीत हेडमधलं ऑईल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून हळूहळू खाली उतरतं आणि सकाळी जळतं, तो पहिला भपकारा. ते व्हॉल्व्ह सीलचं, म्हणजे त्या दांड्यावरच्या रबरी टोपीचं लक्षण. उतारावर थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय, तेव्हा इनटेकमध्ये ओढ सर्वांत जास्त असते. सील कडक झालं असेल किंवा गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो ती) ढिलं असेल तर तिथून ऑईल आत खेचलं जातं, साचतं, आणि पाय दिला की ढग. हेही सील-गाईडचंच. रिंगा गेलेलं इंजिन लोडखाली धूर काढतं, चढावर, सतत. तुमचं तिथे साफ आहे.

म्हणजे माझ्या यादीत रिंगा शेवटी. पण यादी आहे, निकाल नाही. आकडे आणा.

सायलेन्सर

एवढं कशाला डोकं लावता? २० डब्ल्यू ५० घाला, वर एक बाटली त्या "स्टॉप लीक"ची. माझ्या गाडीचा धूर निम्मा झाला.

लेथवाला

@सायलेन्सर, निम्मा झाला हे खरं असेल. जाड ऑईल गाईडमधून आणि रिंगांतून कमी उतरतं, यात जादू नाही. पण फाटलेलं पॅकिंग त्याने शिवलं जात नाही, आणि थंड इंजिनात तेच जाड ऑईल वरपर्यंत पोचायला उशीर लावतं. बाटलीतलं रसायन रबर थोडं फुगवतं. कडक झालेलं सील काही काळ मऊ पडतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. गाडी विकायची असेल तर वेगळं.

सायलेन्सर

विकायचीच होती. 😀

लो_रेंज

डिपस्टिक आपोआप वर येते हे वाक्य सगळ्यांनी वाचलं आणि पुढे गेले. माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

कुठल्याही इंजिनात, अगदी नव्या सुद्धा, जळलेल्या गॅसचा थोडा अंश रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत जातो. ब्लो-बाय म्हणतात तो. त्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते: टॅपेट कव्हरवरून पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डकडे एक पाईप, आणि दुसरा पाईप एअर क्लीनरच्या बाजूने ताजी हवा आत घ्यायला. पहिली वाट तुंबली की क्रँककेसमध्ये दाब साचतो. तो दाब जिथे कमजोर जागा मिळेल तिथून निघतो. डिपस्टिक उचलली जाते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग ओलं होतं. क्रँकची सीलं चांगली असली तरी पाझरायला लागतात, कारण त्यांचं काम उडालेलं ऑईल अडवायचं असतं, दाब अडवायचं नसतं. आणि उलटा आलेला गॅस ताज्या हवेच्या पाईपमधून एअर क्लीनरकडे जाताना सोबत ऑईलची वाफ घेऊन जातो, ती परत इंजिनातच जळायला येते.

म्हणून ऑईल खाणं आणि गळणं एकदमच सुरू झालं असेल, तर दोन वेगळी दुखणी शोधण्याआधी हे एक बघायचं. मातीतल्या गाड्यांत ही वाट तुंबायला निमित्तंही भरपूर असतात. पाण्यातून काढल्यावर आत राहिलेली ओल, थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या, त्यातून तयार होणारा पिवळसर लगदा, आणि धूळ.

तपासणी फुकटात होते. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑईल फिलरचं झाकण काढा, तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. हलका खाली ओढला गेला तर ठीक. वर उडायला लागला तर दाब आहे. मग पीसीव्ही काढून कानाशी हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. पाईपला जोडलेला असतानाच बोट लावा, ओढ जाणवली पाहिजे. आणि एअर क्लीनरचा डबा उघडून बघा, फिल्टरचा एक कोपरा ऑईलने भिजलेला आहे का.

घसरगुंडी

+१. आणि व्हॉल्व्हच नाही, पाईपसुद्धा बघा. बाहेरून सरळ दिसतो, आतून फुगून बंद झालेला असतो.

चिखलमाती

आज केलं सगळं. कागद उडाला. थरथरला वगैरे नाही, सरळ उडाला.

पीसीव्ही हलवला, मुका. मॅनिफोल्डकडे जाणारा पाईप काढला तर कोपरावर, जिथे तो वळतो, तिथे आत काळ्या डांबरासारखा गोळा. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर बोळा बाहेर आला, वाळलेला, कडेला माती. पाईपचं रबर इतकं कडक झालं होतं की वाकवताना चीर गेली. एअर फिल्टरचा पाईपकडचा कोपरा ऑईलने पारदर्शक झालेला. लो_रेंज, तुम्ही गाडी बघून गेला होतात का?

नवा व्हॉल्व्ह आणि नवा पाईप टाकतो. टॅपेट कव्हरच्या आतली जाळी आहे तिचं काय?

लो_रेंज

तिलाच विसरतात लोक. कव्हरच्या आत पत्र्याचा एक कप्पा असतो, ऑईलचे थेंब अडवून गॅस पुढे सोडायला. तो लगद्याने भरला असेल तर नवा पीसीव्ही थेट ऑईल प्यायला लागेल. कव्हर काढाल तेव्हा रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, हवा मारा, पूर्ण वाळवा. पॅकिंग तसंही बदलायचं आहे.

पॅकिंग बसवताना: रबरी असेल तर ते कोरडं बसतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, जिथे सपाट कड आणि कॅमची अर्धगोल जागा भेटते, आणि तेही हरभऱ्याएवढं. सगळ्या कडेला सिलिकॉनची वात काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा, दाबल्यावर निम्मं आतल्या बाजूला येतं, सुटतं आणि चेंबरमधल्या (खालच्या ऑईल टाकीतल्या) जाळीवर जाऊन बसतं. मग ऑईल प्रेशरचा दिवा लागतो आणि पंपाला शिव्या बसतात. कव्हरचे बोल्ट बारीक असतात, साधारण १० न्यूटन-मीटर. मॅन्युअलमधला आकडा बघा, मनगटाचा अंदाज नको.

रिकामटेकडा पाना

वाचनखूण साठवली. ब्रीदरचा, म्हणजे क्रँककेसचा गॅस बाहेर नेणारा पाईप सरळ काढून हवेत सोडून दिला तर? मॅनिफोल्डचं तोंड बंद करायचं. कटकटच नाही.

लो_रेंज

बघणारे खूप दिसतील असं केलेले. पण ओढ गेली की क्रँककेसमधली ओल आणि पेट्रोलची वाफ आतच राहते, लगदा आणखी लवकर होतो. उघडं टोक धुळीत आणि पाण्यात असतं. गरम इंजिन पाण्यात बंद पडलं की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि त्या पाईपमधून पाणी वर खेचते. क्रँककेसमध्ये पाणी गेलं की ऑईलचा चहा होतो. नको.

घसरगुंडी

आणि कॅच कॅन, म्हणजे ब्रीदरच्या पाईपमध्ये ऑईल अडवायला लावतात तो डबा?

लो_रेंज

चालतो, पण आजार बरा झाल्यावर. ब्लो-बाय खूप असताना कॅच कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. शिवाय तो रिकामा करत राहावा लागतो, आणि पाईपमध्ये खोलगट वळण राहिलं तर तिथे पाणी साचतं.

वंगणबाई

कॉम्प्रेशनचं राहूनच गेलं. ब्रीदर सापडला म्हणून बाकीचं सोडून देऊ नका, कारण दाब जास्त होता तो फक्त वाट तुंबल्यामुळे की ब्लो-बायच जास्त आहे, हे अजून ठरलेलं नाही.

इंजिन गरम हवं. चारही प्लग काढा, इग्निशन तोडा, इंजेक्टरचा फ्यूज काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली ठेवा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फेरे द्या, काटा चढायचा थांबेपर्यंत. थ्रॉटल न उघडता घेतलेले आकडे वाचून लोक इंजिनं उतरवतात, हे मी बघितलंय. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून पुन्हा घ्या. ओल्या चाचणीत आकडा बराच वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

प्लग काढाल तेव्हा क्रमाने मांडून ठेवा. ओला, चकचकीत काळा म्हणजे ऑईल. कोरडी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. प्लगच्या विहिरीत ऑईल साचलेलं असेल तर ते सिलिंडरमधलं नाही, वरच्या ट्यूब सीलमधून उतरलेलं आहे. ते आधी पुसून घ्या, नाहीतर प्लग काढताच आत जाईल आणि तुम्ही ओली चाचणी नकळत आधीच केलेली असेल.

चिखलमाती

घेतले. कोरडे: १७२, १७०, १५८, १६८ पीएसआय. ओले: पहिले दोन आणि चौथा जेमतेम हलले, तिसरा १६५ वर गेला.

प्लग: तिसऱ्याचा ओला, काळा. पहिल्याचाही एका कडेला ऑईलचा कोळसा. दोन आणि चार बरे, करडे.

वंगणबाई

मग फुल इंजिन विसरा सध्या.

सगळ्यात वरच्या आणि खालच्या आकड्यात १४ चा फरक, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. बहुतेक इंजिनांना १० ते १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. तिसऱ्याची रिंग थोडी थकली आहे, ओल्या चाचणीने तेवढंच सांगितलं.

पण एक गोष्ट ठसवून सांगते, कारण ती गॅरेजमध्येही सर्रास चुकते. कॉम्प्रेशन चांगलं आहे म्हणजे ऑईल जळणार नाही, असं नसतं. व्हॉल्व्ह सील कॉम्प्रेशन धरतच नाही, ते व्हॉल्व्हच्या बसण्याच्या वरच्या अंगाला असतं. चारही सीलं तुटून पडली तरी गेज १७० दाखवेल. तसंच ऑईल रिंगचं. पिस्टनच्या वरच्या दोन रिंगा गॅस धरतात, तिसरी ऑईल खरवडते. तिच्या मागची बारीक भोकं कार्बनने बुजली की ती खोबणीत चिकटून बसते, ऑईल वर राहतं आणि जळतं, आणि वरच्या दोन ठणठणीत असल्यामुळे आकडा छान येतो. म्हणजे कॉम्प्रेशनने काय सुटलं ते कळतं, काय धरलं ते कळतच असं नाही.

पहिल्या सिलिंडरला कॉम्प्रेशन उत्तम आणि प्लगच्या एकाच कडेला कोळसा, हे इनलेट सीलचं चित्र आहे. तिसऱ्याबद्दल पैज लावणार नाही. जमलं तर त्याची लीक-डाऊन करा: पिस्टन वर, सगळे व्हॉल्व्ह बंद, गिअर आणि हँडब्रेक लावून प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. ऑईल फिलरमधून फुसफुस म्हणजे रिंगा, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. फिलरमधून थोडी हवा नेहमीच येते, घाबरू नका.

घसरगुंडी

थोडं अवांतर. माझी गाडी उतारावर कलंडली होती. सरळ केल्यावर स्टार्ट करताना एवढा धूर की समोरचं दिसेना. नंतर आपोआप थांबला. इंजिनाला काही झालं असेल का?

लेथवाला

गाडी आडवी असताना ऑईल ब्रीदरमधून इनटेकमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. ते जळून गेलं की धूर थांबतो. पण कलंडलेली गाडी सरळ केल्यावर थेट चावी मारायची नाही. ऑईल दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पुरेसं साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, हाताने क्रँक फिरवा, मग प्लगविना स्टार्टरने काही फेरे द्या, भोकांतून फवारा बाहेर येऊ द्या. प्लग पुसा, लेव्हल बघा, मग चालू करा. तुमचं नशीब चांगलं होतं.

खूप तिरप्या चढावर बराच वेळ उभं राहिलं तरी थोडंफार असंच होतं. हेडमधलं ऑईल परत उतरायच्या वाटा वर राहतात आणि ऑईल ब्रीदरच्या तोंडाशी साचतं. म्हणून अशा गाडीत ऑईल वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. "थोडं जास्त असलेलं बरं" हे इथे चालत नाही, क्रँक त्यात बुडून फेस करतो.

चिखलमाती

गळतीचं विचारतो. पीसीव्ही, पाईप, कव्हरचं पॅकिंग झालं. डिपस्टिक जागेवर राहते, कागद ओढला जातो. टॅपेट कव्हर कोरडं. पण बेलहाऊसिंगच्या भोकातून थेंब आहेच, आणि मागची बाजू पुन्हा ओली होतेय. म्हणजे मागचं क्रँक सील खरंच गेलंय ना? त्यासाठी गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) उतरवायची म्हणजे मोठं काम.

वंगणबाई

ऑईल खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून जिथे थेंब दिसतो तिथे गळती नसते, जिथे ओलाव्याचं सर्वांत वरचं आणि पुढचं टोक असतं तिथे असते. इंजिन मागून रॉकेलने आणि ब्रशने धुवा, पाणी मारताना डिस्ट्रिब्युटर आणि कनेक्टर झाका. वाळल्यावर संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा. इंजिन आयडलवर ठेवून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बसा. पावडरमध्ये पहिली रेघ कुठून निघते ते बघायचं. लपलेल्या जागेसाठी ऑईलमध्ये घालायचा यूव्ही डाय मिळतो, जांभळ्या दिव्यात पिवळा-हिरवा चमकतो. पण तुमच्या इंजिनात पावडर पुरेल.

आणि पहिलं डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी बघा. तो कॅमवरून फिरतो, हेडच्या मागच्या टोकाला बसतो आणि त्याच्या भोवती एक ओ-रिंग असते. ती कडक झाली की ऑईल हेडच्या पाठीवरून सरळ बेलहाऊसिंगवर उतरतं आणि सांध्यातून खाली ठिबकतं. दिसायला अगदी मागच्या क्रँक सीलसारखं. त्याच रांगेत ऑईल प्रेशर स्विच आणि फिल्टरची बैठक. जुन्या फिल्टरची रबरी चकती ब्लॉकलाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर कसला, असंही होतं.

चिखलमाती

ओ-रिंगच. पावडरमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या खालून ओली रेघ निघाली, बोटभर, आणि ती सरळ खाली गेली. काढली तर गोल उरलीच नव्हती, एका बाजूने चपटी, नखाने दाबली तर तुटली. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी बॉडीवर आणि हेडवर खूण केली होती, त्यामुळे टायमिंग जागेवर बसलं.

आता व्हॉल्व्ह सील. हेड न उतरवता करता येतात म्हणे?

लेथवाला

येतात, आणि तुमच्या केसमध्ये तसंच करा. फक्त व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये पडणार नाही याची सोय हवी. एक पद्धत हवेची: प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे. कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला तर हातात स्प्रिंग आणि खाली व्हॉल्व्ह. मला दोरीची पद्धत आवडते.

रॉकर शाफ्ट खोलून घ्या, रॉकर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडा. रॉकर निघाले की सगळे व्हॉल्व्ह बंद, म्हणजे पिस्टन कुठल्या स्ट्रोकवर वर येतोय याची फिकीर नाही. पिस्टन थोडा खाली ठेवा, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडत जा, भरपूर, बाहेरच्या टोकाला गाठ. मग पान्याने क्रँक हळू फिरवा. पिस्टन वर येतो, दोरीची गादी होते आणि व्हॉल्व्ह खालून दाबून धरले जातात. पाना अडला की थांबा, जोर करू नका.

स्प्रिंग दाबण्याआधी हेडमधली ऑईल उतरायची सगळी भोकं फडक्याने बुजवा. स्प्रिंग जागेवर धरणाऱ्या लॉकचे तुकडे नखाएवढे असतात आणि त्यांना नेमकं तेच भोक सापडतं. जुने लॉक रिटेनरमध्ये (स्प्रिंगवरच्या वाटीत) चिकटलेले असतात. रिटेनरवर योग्य मापाचा सॉकेट ठेवून हातोडीची एक हलकी टिचकी द्या, मग स्प्रिंग दाबायचं अवजार लावा. लॉक चुंबकाने उचला.

जुनं सील पक्कडीने थोडं फिरवून वर. नवं बसवताना व्हॉल्व्हच्या टोकाला प्लॅस्टिकची टोपी किंवा गुळगुळीत नळी चढवा, कारण लॉकच्या खाचा सीलची कड कापतात. कडेला ऑईल लावा, सॉकेटने हाताने दाबत बसवा, ठोकायचं नाही. काही इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्टची सीलं वेगळी असतात, पाकिटावर बघा.

स्प्रिंग निघालेली असताना दोरीचा दाब किंचित सैल करा आणि व्हॉल्व्हचा दांडा आडवा हलवून बघा. खडखड हलला तर गाईड गेलंय, नवं सील फार दिवस टिकणार नाही, मग हेड उतरवणं आलं.

रिकामटेकडा पाना

हे वाचूनच घाम फुटला. पण छान लिहिलंय.

चिखलमाती

झालं. एक दिवस धरला होता, दोन गेले, कारण एक लॉक हातातून उडून कॅमखाली गेला आणि फडक्यावरच बसलेला सापडला. फडकी आधी कोंबली होती म्हणून. लेथवाला, तुमच्या त्या वाक्याचे उपकार.

जुनी सीलं काढताना पक्कड जवळजवळ लागलीच नाही. पहिल्या सिलिंडरच्या इनलेटची दोन तर दांड्यावर सैल फिरत होती, बोटात दाबली तर प्लॅस्टिकसारखी टक टक वाजली. गाईड ठीक वाटले, हलणं नाममात्र.

त्यानंतर लेव्हल वरच्या खुणेला आणून, सपाट जमिनीवर, थंड इंजिनात मोजत आलो. १००० किमीला १५० मिली. सकाळचा भपकारा गेला. उतारानंतरचा ढग गेला, कधीतरी बारीक धुरकट दिसतं तेवढंच. पहिल्याचा प्लग साफ. तिसऱ्याचा अजून थोडा ओलसर.

वंगणबाई

१५० मिली या वयाच्या इंजिनाला काहीच नाही. काही उत्पादक नव्या गाडीलाही १००० किमीला अर्धा लिटर मान्य करतात.

लेथवाला

मान्य करतात म्हणून चांगलं असतं असं नाही. माझं मत वेगळं पडेल. तिसऱ्याची ऑईल रिंग चिकटलेली आहे, आज ना उद्या काम निघणार. फक्त घाई नाही. दर ऑईल बदलाला त्याच प्लगचा फोटो काढून ठेवा. ऑईल लवकर बदला, कार्बन थोडा सुटायला मदत होते. फ्लशची बाटली मात्र जपून. जुन्या इंजिनातला साठलेला चिखल एकदम सुटला की जाळी बुजते.

उघडाल तेव्हा नुसत्या रिंगा बदलून मोकळे होऊ नका. बोअर (सिलिंडरचं भोक) वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजून घ्या, निमुळता किंवा लंबगोल झालाय का बघा. माप ठीक असेल तर होनिंग करून (आतून घासून) जाळीदार रेषा आणा, त्याशिवाय नव्या रिंगा बसत नाहीत. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फट मोजा, बिडाच्या बोअरला साधारण दर २५ मिमीमागे ०.१ मिमी, म्हणजे ७४ मिमीच्या बोअरला ०.३ च्या आसपास. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं.

आणि त्या आधी एक शोध घ्या: तिसराच का थकला? फिल्टरच्या पुढचा इनटेक पाईप काढून आतून पांढरं फडकं फिरवा. धूळ लागली तर डबा किंवा सांधा कुठेतरी हवा चोरतोय. धूळ खाणाऱ्या इंजिनात नव्या रिंगा घालणं फुकट आहे.

चिखलमाती

फडकं फिरवलं. क्लॅम्पच्या जागी मातीची करडी रेघ आली. क्लॅम्प आवळला तरी पाईपची कड फाटलेलीच होती, बदलला.

राहिला तो बेलहाऊसिंगचा थेंब. कमी झालाय, पण पूर्ण थांबला नाही. वरची बाजू आता कोरडी ठणठणीत आहे.

वंगणबाई

थेंब बोटावर घेऊन वास घ्या.

चिखलमाती

गंधकासारखा उग्र. इंजिन ऑईलचा नाही. रंगही पिवळट, चिकट जास्त.

वंगणबाई

गिअर ऑईल. तो वास त्यातल्या गंधकाच्या ॲडिटिव्हचा. म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, इंजिनचा काही संबंध नाही. क्लच घसरत नाही ना? मग घाई नको, गिअरबॉक्सची लेव्हल बघत राहा.

लो_रेंज

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी तिच्या वरचा ब्रीदर काढून फुंकून बघा. मातीने बंद असेल तर तिथेही दाबच सील ढकलतोय. ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलचेही बघा. गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला आणि ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी आत जातं. चारही ब्रीदरना लांब नळ्या लावून इंजिनच्या खोलीत उंच नेऊन ठेवा. आणि गिअरबॉक्स खाली येईल त्या दिवशी मागचं क्रँक सील बदलूनच टाका, गळत नसलं तरी. तेवढ्यासाठी पुन्हा कोण उतरवणार?

रिकामटेकडा पाना

ती दोरी किती जाडीची घेतली होती?

चिखलमाती

सहा मिमी, विणलेली, आत जाणारं टोक वितळवून गोल केलेलं. पिळाची दोरी घेऊ नका, तिचे धागे सुटतात.